बॅलन्स धाब्यावर, आणि आपण पण

हार्थस्टोनसारखा ऑनलाइन पत्त्यांचा गेम खेळतोस ना, मग सगळ्यात आधी ते स्वतःचं डोकं वापरून डेक (खेळायचा पत्त्यांचा संच) बनवायचं खूळ सोड भो. मे महिन्यात धाब्यावर गादी टाकून तीन रात्री जागशील, एकेक पत्ता घासूनपुसून ३० चा डेक लावशील, आणि रँकला गेलास की पहिल्याच गेमला समोर तोच डेक जो अख्खं गाव खेळून ऱ्हायलं. पाचव्या टर्नला खेळ खल्लास, वरतून तो 'छान खेळलास' चा इमोट टाकणार. त्यापेक्षा त्याच डेकचा कोड कॉपी कर, पेस्ट कर, झोप.

लाज वाटून घेऊ नको, ही जुनी परंपरा आहे. हार्थस्टोनमध्ये २०१४ ला अंडरटेकर आला, एका मानाचा, म्हणजे एवढीच ताकद खर्चून उतरणारा, १/२ चा, म्हणजे अटॅक १ नि हेल्थ २, असा फाटका मिनियन, प्यादंच म्हण (मानाचाच म्हणायचा, पुढचे सहा महिने सगळ्यांनी त्याला पहिल्या पंगतीला बसवलं). शेजारी कोणी डेथरॅटलवाला, म्हणजे मरताना काहीतरी करून जाणारा मिनियन, उतरला की याला +१/+१. म्हणजे पहिल्या टर्नला हा, दुसऱ्याला एक डेथरॅटल, तिसऱ्याला दोन, आणि समोर ४/५ चा पहिलवान उभा, अन् तुझ्या हातातले आठ मानाचे साहेब लोक अजून गाडीची वाट बघताय. जानेवारी २०१५ ला त्याची हेल्थ वाढणं बंद केलं, फक्त अटॅक ठेवला, आणि लोकांना एकदम आठवलं की गेममध्ये बाकीचे पण पत्ते आहेत.

तुला फारच स्वाभिमान असेल तर अख्खं गाव खेळतंय त्या डेकला हरवणारा डेक घे. तो फक्त त्यालाच हरवतो, बाकी कोणाकडूनही मार खातो, पण बाकी कोणी उरलंयच कुठे.

कोणी म्हणेल आकडे बघा, या डेकचा विनरेट तर पन्नासच्या आसपासच, कुठे एवढा भारी आहे? मान डोलव. दोन्हीकडून तोच डेक बसल्यावर एक जिंकणार नि एक हरणार, पन्नासच येईल ना रे बाबा, आणि जो हा डेक खेळत नाही त्याने पण चार पत्ते फक्त त्याच्याच भीतीने कोंबलेत.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे सांगायला नको. आजोबांच्या वेळी केळीच्या जाती बसराई होती, श्रीमंती होती, आता या बांधापासून त्या बांधापर्यंत एकच जात, ग्रँड नैन. घड मोठा पडतो, मग काय करेल माणूस? शहाणपणानेच सगळे एका रांगेत येतात.

फक्त डस्टचं, म्हणजे पत्ते बनवायच्या गेममधल्या चलनाचं, बघ. हार्थस्टोनमध्ये नर्फ झालेल्या, म्हणजे कमजोर केलेल्या पत्त्याची डस्ट काही दिवस पूर्ण परत मिळते, पण त्याच्या वरातीत नाचायला बनवलेल्या बाकीच्यांची नाही. १६०० डस्टची लेजंडरी (सगळ्यात दुर्मिळ पत्ता) मोडली की ४०० हातात. तेव्हा रडू नको, पुढच्या डेकला लागतीलच.

मी पण तोच डेक खेळतो, खोटं कशाला बोलू. काल शेवटचा गेम, समोर तोच डेक, पत्त्यांची पाठ पण सेम, त्याने नमस्कार केला, मी केला, दोघं एकच चाल खेळत बसलो. जिंकत होतो भो. तेवढ्यात गल्लीची डीपी उडाली, वायफाय गेलं. या सीझनला त्या डेकला एवढ्या सहज हरवणारं दुसरं काही मी पाहिलं नाही.