सोनेगावची अदलाबदल

मेहुणा शारजाहून रात्री अडीचला नागपुरात उतरणार होता. "टॅक्सीनं येतो," असं तो फोनवर म्हणाला आणि "बहिणीकडे येताना टॅक्सी?" असं बायको म्हणाली. माझ्या झोपेचा निकाल तिथेच लागला. दीड वाजता गाडी काढायला गेलो, तर मागच्या सीटवर सासरे आधीच बसलेले. वय 82, कानाला मफलर, हातात टॉर्च.

"बाबा, तुम्ही काहून त्रास घेता?"

"जावईबापू, रात्री सोनेगावच्या विमानतळावर जायची सवय आहे मला."

बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे टपालखात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, टपाल गावांप्रमाणे वेगळं करणारे सॉर्टर होते. 1949 साली तेव्हाचे दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाईंनी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू केली, तिच्या शेवटच्या आठ वर्षांत बाबांनी नोकरी केली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं. चौघांची गाठ मध्यरात्रीनंतर नागपुरात. टपालाच्या थैल्या इकडच्या तिकडे करायच्या, की पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. 1973 मध्ये ही सेवा बंद झाली, बाबांची मात्र अजून चालू आहे.

"चार विमानं, प्रत्येकात तीन गावांच्या थैल्या. म्हणजे किती ढीग?"

"बारा," मी म्हणालो. लग्नाला सोळा वर्षं झाली, पाढा पाठ आहे.

"आणि एक थैली चुकली नाही!"

चुकली असती तर ते आम्हाला कळवणार कोण, हा प्रश्न मी सोळा वर्षं गिळून आहे.

विमानतळावर पोचलो. बाबांच्या नोकरीत हे नुसतं सोनेगाव होतं. 2005 पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे आणि आंतरराष्ट्रीय म्हणजे काय, ते बाहेर उभं राहणाऱ्यालाच कळतं. मुंबईहून आलेला माणूस दहा मिनिटांत पिशवी हलवत बाहेर पडतो. परदेशातून आलेल्याचं विमान मोबाइलवर 'उतरलं' असं दिसतं आणि माणूस गडप होतो. आधी पासपोर्टची रांग, मग पट्ट्यावरच्या सामानाची वाट, मग कस्टम्स. बाहेर एकेका प्रवाशामागे सात-आठ नातलग. दार सरकलं की सगळ्यांच्या माना उंच होतात, आतून ट्रॉली ढकलणारा कर्मचारी निघतो, माना खाली.

वेळ जावा म्हणून मी 1991 साली इथे उतरलेल्या बोइंग 720 चा विषय काढला. ते उतरलं ते पुन्हा उडालंच नाही, धावपट्टीजवळ पडून राहिलं आणि 2015 मध्ये एकदाचं तिथून हलवलं. चोवीस वर्षं मुक्काम! 'चार दिवसांसाठी येतो' म्हणणारा मेहुणा मागच्या खेपेला दीड महिना राहिला होता, हे माझ्या मनात आलं. तोंडावर आलं नाही, सासरे शेजारी होते.

पावणेचारला मेहुणा उगवला. काळी बॅग, हँडलला लाल रिबन. "ओळखू यावी म्हणून वहिनीनं बांधली," बायको कौतुकानं म्हणाली. बॅगेवरच्या चिठ्ठीत नागपूरची तीन इंग्रजी अक्षरं होती, ती जोडून वाचली की चक्क नाग होतो. मी तेवढंच वाचून हसलो. खालचं नाव वाचलं असतं तर बरं झालं असतं.

घरी बॅगेचं कुलूप उघडेना. मेहुण्यानं आधी स्वतःची जन्मतारीख लावली, मग मुलाची. मग लग्नाची. "दादा, ती सव्वीस नाही, सत्तावीस," बायको म्हणाली. सत्तावीसनंही उघडलं नाही, पण ही गोष्ट वहिनीला कळणार एवढं नक्की झालं. इतक्यात त्याचा फोन वाजला.

"भाऊ, तुमची बॅग माझ्याकडे आली बहुतेक. लाल रिबन आहे. माझ्या बायकोनंही लालच बांधली होती."

पाच वाजता पुन्हा गाडी. पुन्हा मागच्या सीटवर मफलर आणि टॉर्च.

पार्किंगमध्ये एक गृहस्थ आमच्याच बॅगेवर बसले होते. शेजारी माझ्यासारखाच लाल डोळ्यांचा एक माणूस किल्ली बोटात फिरवत होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "जावई?" मी विचारलं. त्यानं मान हलवली.

बाबा पुढे झाले. दोन्ही बॅगा शेजारी ठेवायला लावल्या, टॉर्च पाडून दोन्ही चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या आणि मग, पन्नास वर्षांची रजा संपवून कामावर रुजू व्हावं तसं, एक बॅग डावीकडे सरकवली, एक उजवीकडे.

"एक गेली, एक आली," ते म्हणाले. मग घड्याळ बघून माझ्याकडे वळले, "एवढ्या वेळात आमचं विमान कलकत्त्याला लागायचं, जावईबापू."