बाबा, भाचा आणि कॉइलओव्हर

गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर गेले की चालवणाऱ्याला ते सगळ्यात शेवटी कळतं. त्याच्या हातात स्टिअरिंग असतं, डोळ्यांसमोर खड्डा असतो, तो आपला अंग चोरून तयार असतो. मागे बसणाऱ्याला मात्र खड्डा आल्यावरच समजतो. आमच्या गाडीत मागे बाबा बसतात.

बाबा सरकारात रस्त्यांवर ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण रस्ता दिसला की त्यांची नोकरी पुन्हा सुरू होते. फोंड्याहून पणजीला निघालो की फर्मागुडीचा उतार, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे असा सगळा मार्ग त्यांच्या 'हं', 'अरेरे' आणि 'देवा' यांवरून डोळे मिटून ओळखता येतो. पूर्वी कुंडईपर्यंत 'हं'वर भागायचं. या पावसाळ्यात म्हार्दोळलाच 'देवा' सुरू झालं, तेव्हा गाडी गॅरेजला नेली.

गाडी म्हणजे जीए-०५ नंबरची फोक्सवॅगनची जुनी पोलो. मेकॅनिकने पुढचा मडगार्ड दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली आणि आमचं बोलणं सुरू झालं तरी हलतच राहिली. "भाऊ, चारही शॉक गेले. कंपनीचेच घाल आणि चतुर्थीला सुखाने फिर," तो म्हणाला. इतका साधा सल्ला होता. मी मान्य करून घरी आलो असतो, पण सोबत भाचा होता.

भाचा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकतो. तो म्हणाला, "मामा, एवीतेवी चारही बदलायचेच आहेत, तर कॉइलओव्हर घालूया ना." आमच्या घरात मागे एकदा एवीतेवी रंग काढायचाच आहे म्हणून भिंत पाडली होती आणि तिथे आज बाल्कनी आहे. तरीसुद्धा मी विचारलं, "ते काय असतं?" आणि पुढचे कित्येक रविवार संपले.

तर ते असं असतं. शॉक अॅब्सॉर्बरच्या नळीला बाहेरून आटे पाडलेले, त्यावर एक कडी, कडीवर स्प्रिंग. कडी पान्याने वर-खाली फिरवली की गाडीची उंची बदलते. शॉकला एक खुंटीही असते, ती फिरवली की गाडी मऊ किंवा कडक होते. स्प्रिंग वजन पेलते आणि शॉक स्प्रिंगला नाचू देत नाही, एवढी कामाची वाटणी. यात शॉकभोवती स्प्रिंग असणं ही काही नवलाई नाही. मॅकफर्सन स्ट्रट म्हणून जी रचना आहे ती १९५०च्या सुमारास फोर्डच्या इंग्लंडमधल्या गाड्यांत आली आणि आज बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना तीच असते. नवे आहेत ते आटे. पैसे आट्यांचे.

मागच्या चाकांची गंमत तर मला गाडी जॅकवर चढवल्यावर दिसली. पोलोला मागे एक आडवा बीम असतो. त्यावर स्प्रिंग एकीकडे, शॉक दुसरीकडे, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणजे चार कॉइलओव्हरच्या किटमध्ये मागचे दोन कॉइलओव्हर नसतातच. हे मी भाच्याच्या निदर्शनास आणून दिलं. "मामा, तसं बघायला गेलं तर..." असं म्हणून तो मोबाइलमध्ये शिरला.

मग कंपन्या आल्या. बिलस्टाइन जर्मनीची, १८७३ साली खिडक्यांचं सामान बनवायला सुरू झालेली. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं, "म्हणजे कडी-कोयंडे?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग घ्या. कोयंडा करणाऱ्याला माप कळतं." केडब्ल्यूही जर्मनीचीच, तिची नळी स्टेनलेस स्टीलची. ओलिन्स स्वीडनची, तिची किंमत भाच्याने आकडा न सांगता नुसता मोबाइल माझ्यासमोर धरून दाखवली आणि मी तो तसाच परत केला. टाइन जपानची, बीसी तैवानची. तैवानच्या किटला मऊ-कडक करायला तीस क्लिक, म्हणजे खुंटीच्या तीस पायऱ्या, होते. भाच्याचे डोळे त्या तिसावर खिळले.

मला एकही क्लिक नको होता. एकत्र कुटुंबात फिरवण्यासारखी वस्तू आणू नये हे मी पंख्याच्या रेग्युलेटरवरून शिकलो आहे. म्हणून माझं मत कोयंडेवाल्यांच्या बाजूने पडलं. त्यांच्या एका किटमध्ये उंची तेवढी आपल्या हातात, मऊ-कडक कारखान्यातच ठरवून दिलेलं. पण कोष्टक नीट वाचलं तेव्हा कळलं की युरोपातल्या बऱ्याच किटची सगळ्यात वरची पायरीसुद्धा मूळ उंचीच्या खाली असते. गाडी किती खाली येईल तेवढंच लिहिलेलं, तीस ते पन्नास मिलिमीटर वगैरे. आहे तिथे ठेवायची सोयच नाही. तिथले लोक गाडी खाली आणण्यासाठीच हे घेतात. कुंडईच्या माणसाचा विचार कोणी केलेला नाही.

"चाळीस मिलिमीटर खाली आणू," भाचा म्हणाला, "काय मस्त दिसेल!" पोलोच्या पोटाखाली साधारण १६५ मिलिमीटर जागा असते. त्यातले चाळीस गेले की १२५ उरतात.

"आणि गतिरोधक?" मी विचारलं.

उत्तर बाबांनी दिलं, तेही पाठ. "सतरा मीटर त्रिज्या, तीन पूर्णांक सात मीटर रुंदी, दहा सेंटिमीटर उंची. ताशी पंचवीसच्या वेगाने जायचं." इंडियन रोड्स काँग्रेसचा १९८८चा नियम. भाच्याने लगेच कागद ओढला. गाडीच्या दोन चाकांमध्ये अडीच मीटर अंतर. एवढ्या मोठ्या त्रिज्येच्या उंचवट्यावर चाकंही वर चढलेली असतात, त्यामुळे मधोमध पोटाशी येतो तो भाग फक्त साडेचार सेंटिमीटर. "आठ सेंटिमीटर मोकळे राहतात, मामा!" त्याने पेन टेबलावर आपटलं. गणित बरोबर होतं. बाबांनी दोनदा तपासलं.

मग ते उठले, कपाटातून जुनी टेप, सुतळी आणि पाणसळ काढली आणि भाच्याला घेऊन वाड्यावरच्या वळणाकडे निघाले. मागोमाग मीही. तिथला गतिरोधक लोकांनी स्वतःच कधीतरी रातोरात घातलेला आहे, सिमेंट आणि चिऱ्याचे तुकडे घालून. बाबा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. सुतळी एका बाजूने भाच्याने धरली, दुसऱ्या बाजूने मी, पाणसळीतला बुडबुडा मध्ये येईपर्यंत बाबांनी आम्हाला वर-खाली करायला लावलं. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकल घेऊन थांबला, त्याच्यामागे दोन स्कूटर थांबल्या. कोणीतरी विचारलं, "रस्ता करतात काय?" आनंदाने विचारलेलं ते 'काय' ऐकून मला वाईट वाटलं. उंची भरली सोळा सेंटिमीटर. रुंदी मीटरभर. म्हणजे हा अख्खाच्या अख्खा दोन चाकांमध्ये मावतो आणि साडेबारा सेंटिमीटर जागेत सोळा सेंटिमीटर घुसवायचे हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या कोणत्याच वर्षाला नाही.

"हा आमच्या वेळचा नव्हे," बाबा टेप गुंडाळत म्हणाले.

उंचीचा विषय मिटला. आहे तेवढीच ठेवायची. पण तेवढ्यासाठीही किट कसं आहे ते बघावं लागतं. स्वस्त प्रकारात उंची फक्त स्प्रिंगखालची कडी फिरवून बदलते. गाडी खाली आणली की शॉकचा दांडा तेवढा आधीच आत गेलेला असतो, आणि मग खड्ड्यात तो तळाच्या रबरावर जाऊन आदळतो. महाग प्रकारात नळीचा खालचा पाया वेगळा फिरतो, म्हणून उंची बदलली तरी दांड्याची चाल पूर्ण मिळते. गाडीखालून टक्-टक् ऐकायचं नसेल तर वरचा टेकू रबराचा घ्यावा. धातूच्या गोळीचा टेकू शर्यतीला उत्तम, पण आपल्या धुळीत आणि पाण्यात तो लवकर बोलायला लागतो. हे सगळं जुळवत गेलो आणि शेवटी उरलं ते तैवानचं किट. तीस क्लिकवालं. भाचा तोंडाने काही बोलला नाही, पण त्या दिवशी माझ्याकडे जेवायला थांबला.

त्याने एक आकडा अजून काढला. स्प्रिंग किती किलोची, म्हणजे एक मिलिमीटर दबायला किती किलो वजन लागतं. "मागची पाच किलोची घेतली आणि आजोबा सत्तर किलोचे धरले, तर ते बसल्यावर गाडी चौदा मिलिमीटर खाली जाईल."

बाबा भात कालवताना थांबले. "स्प्रिंगा दोन आहेत. सात."

"हो, सात."

"आणि मी चाकांच्या बरोबर वर बसत नाही, त्यांच्या जरा पुढे बसतो. त्याहून कमी. आणि मी अडुसष्ट आहे."

भाच्याने वही मिटली आणि मुकाट्याने कढी वाढून घेतली.

कायद्याचं काय, हेही विचारून घेतलं. आमच्या नात्यात एक वकीलवहिनी आहेत. त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगितलं: नोंदणीच्या कागदावर जे लिहिलं आहे त्याच्याशी आणि कंपनीच्या मूळ घडणीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलेलं आहे. "खाली आणू नका, विमावाल्यांना कळवा आणि जुने शॉक टाकू नका," असा त्यांचा व्यवहारी सल्ला. जुने शॉक आज आमच्या माळ्यावर, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीच्या फळ्यांशेजारी आहेत.

मेकॅनिकचा आक्षेप वेगळाच होता. त्याने गॅरेजच्या कोपऱ्यातून एक जुना कॉइलओव्हर उचलून आणला, किनाऱ्याकडच्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाचा. आट्यांमध्ये तांबडी माती वाळून बसलेली, तिच्याखाली मिठाने आलेली पांढरी पूड. अॅल्युमिनियमची कडी लोखंडी नळीला अशी धरून बसली होती की तिच्यावर छिन्नीचे चारपाच वार दिसत होते आणि ती तसूभरही हललेली नव्हती. "फिरवायला घेतलं होतं," तो म्हणाला. "आता फिरवून दाखव." वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेले महिने खारा वारा, हे काही कुठल्या कोष्टकात नसतं. त्याने उपायही सांगितला: आट्यांना भरपूर ग्रीस, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा, आणि पावसाळ्याच्या आधी आणि नंतर कडी एकदा सैल करून परत घट्ट करायची. ट्यूब पोदेराने दिली. पैसे घेतले नाहीत. मोजमापाच्या दिवसापासून तो आम्हाला सरकारी माणसं समजतो.

किट बसलं. चाकांची अलाइनमेंट झाली. गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे पैसे मोजून गाडी होती त्याच उंचीवर उभी राहिली. सोसायटीत एकाही माणसाने वळून पाहिलं नाही. भाच्याने चारही बाजूंनी फोटो काढले आणि एकही कुणाला पाठवला नाही.

पण गाडी बदलली होती. बाणस्तारीच्या पुलाचा सांधा आता एकदाच लागतो. पूर्वी तो लागून झाल्यावर गाडी आपल्याशी त्याची चर्चा करायची. रंबलरच्या, म्हणजे वेग कमी करायला रस्त्यावर ओळीने मारलेल्या जाड पट्ट्या मात्र जास्त कळतात. क्लिक कडक असतील तर चष्मा नाकावरून उतरतो. म्हणून क्लिक मऊ केले, तर फर्मागुडीच्या वळणावर बाबा डावीकडून उजवीकडे सरकले. परत थोडे कडक केले. बाबांनी डायरी केली आहे. शाईच्या पेनाने रकाने आखलेले: ठिकाण, क्लिक, शेरा. 'मंगेशी, १२, बरे.' 'कुंडई, १२, असह्य.' 'कुंडई, ८, सुसह्य, पण वळणावर नको.' रायबंदरचा बांध सतराव्या शतकातला आहे, त्याच्यासमोर कुठल्याही क्लिकला 'उत्तम' लिहिलेलं आहे. त्यात ओव्हरसियरचा पक्षपात किती, हे मी विचारलेलं नाही.

शनिवारी भाचा येतो, मित्रांना घेऊन चोर्ला घाटात जायचं म्हणून सगळे क्लिक कडक करतो, रविवारी रात्री परत जागेवर आणल्याची शपथ घेतो. सोमवारी बाबा मागे बसतात, दार लावतात, आणि गाडी गेटबाहेरच्या चरावरून उतरली की गवयाने तंबोऱ्याची खुंटी कोणी हलवली हे ओळखावं तसं म्हणतात, "डावीकडे दोन जास्त आहेत." मी उतरून मोजतो. दोन जास्त असतात.

ही गोष्ट मी मेकॅनिकला हसत हसत सांगितली. तो हसला नाही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. एका गिऱ्हाइकाची गाडी आहे, कॉइलओव्हर घातलेत, काहीतरी जमत नाहीये, पण काय ते कळत नाही. "तुमच्या बाबांना जरा शनिवारी पाठवाल? नुसतं मागे बसायचं आहे."

मी फोनवर हात ठेवून बाबांना विचारलं. त्यांनी डायरीचं नवं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "स्प्रिंग किती किलोची आहे ते आधी विचार."