चांदणी, शिडी आणि चोवीस तारीख

सुन्याने आल्या आल्या फर्मान काढलं. "नाताळच्या आदल्या रात्री, चोवीसला, वांद्रे. आठला ठाण्याहून निघायचं. हिल रोडची लायटिंग, मग मोतमावलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेत एक चक्कर, बारा वाजता चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना. तीन रील सहज होतात."

मास्तरांनी चहाचा ग्लास कठड्यावर ठेवला. "जत्रा आठ सप्टेंबरच्या सणाला लागून असते, सुनील. तू साडेतीन महिने उशिरा निघालायस."

ठाण्याच्या तलावपाळीचा कट्टा हसला. सुन्या हसला नाही, त्याने मोबाईलचा कोन बदलला. गेल्या महिन्यापासून त्याच्यासोबत एक गोल दिवा असतो. तो लावला की अंत्याच्या टकलावर पौर्णिमा उगवते.

"बारा वाजताच्या मिस्सेचंही आधी विचारून घ्या," मास्तर म्हणाले. "रात्री दहानंतर उघड्यावर कर्णे चालत नाहीत, त्यामुळे जिथे अंगणात मांडव घालून मिस्सा होते, तिथे ती दहाच्या आत उरकतात. चर्चच्या दारावर वेळ लिहिलेली असते. तुम्ही बाराला पोचाल तेव्हा खुर्च्या गोळा करत असतील."

"पण माहोल!"

"माहोल म्हणजे हिल रोडवर रिक्षात बसून समोरच्या रिक्षाची नंबरप्लेट पाठ करणं. स्टेशनपासून सेंट अँड्र्यू चर्चपर्यंत रस्ता दोन किलोमीटरच्या आत आहे. चोवीसच्या रात्री तो चालतच काढावा लागतो, आणि तेही पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून."

बंड्याने मध्ये तोंड घातलं, "वांद्र्याला जायचंच तर हिल रोड सोडा, रणवारमध्ये शिरा. वेरोनिका स्ट्रीट, वरोडा रोड. तिथे घरांवर कागदाच्या चांदण्या टांगलेल्या असतात, दुकानांवर नाही." बंड्या वायरमन आहे. गणपती, दिवाळी, नाताळ, त्याच्या लेखी सगळे सण होल्डरने जोडलेले.

"मी तर म्हणतो वांद्रेच नको," मास्तर म्हणाले. "भायखळा ते माझगाव. चोवीसला नाही, सत्तावीस-अठ्ठावीसला."

"नाताळ संपल्यावर?" सुन्याचा आवाज एवढा चढला की तलावातल्या पेडल-बोटीतलं जोडपं वळून बघायला लागलं.

"संपतो कुठे? बरं, मागच्या आठवड्यात समोरच्या सेंट जॉन चर्चजवळ उभं राहून तूच बोंब मारलीस ना, की येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात बाळच नाही, चोरीला गेलं म्हणून?"

"रिकामीच होती गव्हाण! व्हिडिओ आहे माझ्याकडे."

"ती रिकामीच असते. बाळ चोवीसच्या रात्री ठेवतात. बाळाला भेटायला येणारे तीन राजे सहा जानेवारीच्या सणाचे, म्हणून काही घरी त्यांच्या मूर्ती रोज थोड्या थोड्या पुढे सरकवतात. म्हणजे पंचवीस ते सहा या दिवसांत गोठा भरलेला, गर्दी ओसरलेली, आणि घरचे लोक दोन शब्द बोलायला मोकळे. गोठ्यातली हिरवळ नीट बघा. कित्येक ठिकाणी ती नाचणी किंवा गहू पेरून उगवलेली असते, दहा-बारा दिवस आधी. आपल्या घटासारखीच. अंधारात ठेवली तर पिवळी पडते, पाणी जास्त झालं तर मुळाशी बुरशी धरते."

"घटासारखीच," अंत्या म्हणाला, "आणि नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्या. मला एवढं सांगा, खायला कुठे मिळेल?"

"घरगुती फराळाची ऑर्डर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात द्यावी लागते, चोवीसनंतर त्या बायकाही माणसंच असतात. कलकल आण, शंकरपाळ्यांसारखे. कोरडे तळलेले, पंधरा दिवस टिकतात. काजूचं मार्झिपान फ्रीजमधून काढलं की घामेजतं, ते नको."

मास्तर मग मार्गाला लागले. ठाण्याहून पावणेपाचची फास्ट, भायखळ्याला थांबते ना ते बघून. पाऊण तास धरायचा. तिकीट सीएसएमटीपर्यंतचं. रविवार असेल तर मेगाब्लॉक. त्याबद्दल कुणाला सांगायची गरज नव्हती. "चारला सुटतो म्हणतात, पण गाड्या वळणावर यायला पाच वाजतात. त्यापेक्षा सोमवार बरा." भायखळ्याला पूर्वेला उतरायचं, समोर ग्लोरिया चर्च. जुनं ग्लोरिया १६३२ चं, ते माझगावात होतं. आत्ताचं १९११ ते १३ मध्ये बांधलेलं. तिथून चालत माझगावातली जुनी वस्ती, म्हातारपाखाडी.

"नावातच आमचं वय आलं," अंत्या.

"लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, कौलं. अख्ख्या गल्लीत दोन माणसं शेजारी चालू शकतात, तिसरा मागे. काका बाप्टिस्टा तिथलेच, १८६४ चा जन्म. टिळकांचे दोस्त, १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. त्यांच्या नावाची बाग माझगावच्या टेकडीवर आहे, डॉकयार्ड रोड स्टेशनच्या डोक्यावर. ती बाग दार बंद व्हायच्या आत गाठा."

"म्हणजे ख्रिश्चन होते आणि टिळकांबरोबर?" सुन्याला खरंच आश्चर्य वाटलं.

"ईस्ट इंडियन नावाचा ख्रिश्चन समाज. घरात मराठीच, तीही तुझ्यापेक्षा जुनी. हे नाव घेतलं १८८७ मध्ये, गोव्या-मंगळूरहून आलेल्यांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून. माणसं मात्र इथलीच. ठाण्यातही तू घोडबंदरला फ्लॅट घेण्याआधीपासून आहेत."

(हा टोमणा जुना आहे. सुन्याने फ्लॅट घेतला तेव्हा 'ठाणे शहर' म्हणून पार्टी दिली होती. रिक्षाने पोचायला सव्वा तास लागला.)

उजेडाच्या वेळेवर मात्र सुन्याने कान दिला. डिसेंबरअखेर सूर्य सहा-पाच, सहा-दहाला मावळतो. त्यानंतरची वीस मिनिटं आभाळ निळं असतं. तेव्हा चांदणीचा कागदही दिसतो आणि मागचा सज्जाही. सातनंतर आभाळ काळं, फोटोत चांदणी म्हणजे नुसता पांढरा डाग. मोबाईलवर चांदणीवर बोट दाबायचं आणि उजेड खाली ओढायचा. "आणि तो गोल दिवा घरी ठेवायचा," मास्तर म्हणाले. "लोकांच्या जिन्यावर चढायचं नाही. मिस्सेला बसलास तर कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकरीच्या, रांगेत प्रसाद समजून उभं राहायचं नाही."

"एकदाच झालं ते!"

आता बंड्या थांबेना. चांदणी लोक विकत का आणतात, हे त्याचं दुःख. "दोन फुटी चांदणीला दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या. पाच-पाचच्या दोन चांदण्या, एकीखालून एक घालून विणायच्या. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाच टोकं बांधायची. मग आतल्या पाच कोपऱ्यांत पाच टेकू, पाच-पाच इंचांचे. टेकू आखूड झाला तर पोट येत नाही, बल्ब कागदाला चिकटतो. लांब झाला तर टोकाशी कामटी कडकन मोडते. मागची एक पाकळी कागद न लावता सोडायची, बल्ब बदलायला. पाच वॅटचा एलईडी बास. पूर्वी साठचा लावायचे, कागद करपायचा. आणि वजन सुतळीवर घ्यायचं, वायरवर नाही. वायरवर टांगली की तिसऱ्या दिवशी होल्डरमधून तार निसटते आणि मग मला फोन."

"म्हणजे आकाशकंदीलच की," अंत्या म्हणाला.

"तू बोलू नकोस. तुझ्या गॅलरीत दिवाळीचा अजून लटकतोय."

"तो मी मुद्दामच ठेवलाय. नाताळासाठी."

"झिरमिळ्यांसकट?"

"शेपटीची चांदणी असते ना?" अंत्याने मास्तरांकडे न्यायासाठी पाहिलं. मास्तरांनी तलावाकडे पाहिलं.

"खरं सांग, काढला का नाहीस?"

"शिडी नाही. बंड्याकडे मागितली, तो म्हणाला दिलीये."

"मी गणपतीतच दिली," बंड्या म्हणाला, "एकाला वरून शॉट घ्यायचा होता."

तिघेही सुन्याकडे बघायला लागले. सुन्याने गोल दिवा बंद केला आणि म्हणाला, "सत्तावीसलाच जाऊ. भायखळा चालेल मला."

"शिडी घेऊन ये," मास्तर म्हणाले, "डब्यात बसायला होईल."