कटिंग मॅट पाणी पीत नाही

गोधडी-क्विल्टच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरत असतो: कापड कापताना खाली ठेवायची मॅट वापरून कोरडी पडते, म्हणून महिन्यातून एकदा गरम पाण्यात व्हिनेगर घालून रात्रभर भिजवा, म्हणजे चिरा भरून येतात. डाग नेलपेंट रिमूव्हरने काढा, मॅट वाकली तर इस्त्री फिरवा. या चारही सूचना तपासून पाहू.

"कोरडी पडते." सेल्फ-हीलिंग, म्हणजे चीर आपोआप मिटणारी, मॅट सहसा पीव्हीसी या प्लास्टिकची असते आणि पीव्हीसी पाणी जवळपास शोषतच नाही. तिचा मऊपणा प्लास्टिसायझरचा, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या रसायनाचा. वर्षं आणि ऊन यांनी तो कमी होतो, पाण्याने परत येत नाही.

"भिजवल्यावर चिरा भरतात." फरक दिसतो हे खरं, कारण वेगळं. रोटरी कटरचं चाकासारखं फिरणारं ब्लेड मॅट खरवडत नाही, बाजूला सारतं. ते पुढे गेलं की चीर मिटते. पण ब्लेड बोथट असेल तर कापड कापायच्या आधी तंतू चिरेत दाबले जातात आणि ती मिटूच शकत नाही. मॅट खिडकीपाशी तिरपी धरा, चिरांमध्ये पांढरी लव उभी दिसेल. भिजल्यावर सुती तंतू फुगून सैल होतात आणि ब्रशने निघतात. म्हणजे काम ब्रशचं, नाव व्हिनेगरचं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर मात्र व्हिनेगर खरंच कामाचं: चार लिटर पाण्याला पाव कप, पंधरा मिनिटं, बस.

एरवी आधी चिकटपट्टीने लव उचला, मग पांढरं खोडरबर चिरांना आडवं फिरवा. बरंचसं यातच निघतं. उरलं तर गार किंवा जेमतेम कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ टूथब्रश, स्वच्छ धुणं, आणि सावलीत सपाट वाळवणं. गरम पाणी नकोच, त्याने मॅट वाकते.

नेलपेंट रिमूव्हर: त्यात अनेकदा असणारं अ‍ॅसिटोन पीव्हीसी फुगवून मऊ करतं, शिवाय छापलेल्या रेघा पुसतं. रेघा गेल्या की मॅट मापाला निरुपयोगी.

इस्त्री: थेट उष्णतेने पृष्ठभाग वितळतो. थोडी वाकलेली मॅट सपाट टेबलावर जड पुस्तकांखाली काही दिवस ठेवून पाहा. उन्हात उभ्या गाडीत राहून लाट आलेली असेल तर आशा कमीच.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ते नुकसान वेगळं. ४५ मिमीच्या ब्लेडने वळणं कापताना ब्लेड जागेवर पिळलं जातं आणि मॅटचा कपचा उडतो. तो कुठल्याच धुण्याने भरत नाही. वळणांना १८ किंवा २८ मिमीचं ब्लेड घ्या. पट्ट्या सतत एकाच रेघेवर कापत असाल तर मॅट अधूनमधून फिरवा. ब्लेड धागे सोडायला लागलं की बदला, नाहीतर आज साफ केलेली मॅट आठवड्यात पुन्हा लवेने भरेल.