स्क्रीनबाहेरून आलेल्या गोळीबद्दल: गेमच्या निर्मात्यांचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. सोबतची ४२ सेकंदांची क्लिपही पाहिली, आधी सलग आणि मग एकेक फ्रेम पुढे सरकवत. नवव्या लेव्हलमध्ये कंट्रोलरचं कनेक्शन तुटलं आणि गेम पॉज न होता तसाच चालू राहिला, ही चूक पूर्णपणे आमची आहे. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. दुरुस्ती तयार आहे, पुढच्या अपडेटमध्ये येते आहे.

पण रिव्ह्यूची पहिली ओळ अशी आहे: ‘शत्रू स्क्रीनबाहेरून गोळ्या घालतात, म्हणजे गेम चक्क चीटिंग करतो. बनवणाऱ्यांनी स्वतः एकदा तरी खेळून बघायचा होता.’ गेम घ्यावा की नाही या विचारात असलेला माणूस बहुतेक वेळा पहिली ओळ वाचतो आणि पुढे जातो. आमचा हा एकच गेम विक्रीला आहे. त्यामुळे या एका ओळीचं उत्तर जरा लांबेल, तेवढं सांभाळून घ्या.

गेमचं चित्र मुळात ६४० बाय ३६० पिक्सेलचं आहे, तेच मोठं होऊन तुमच्या टीव्हीवर दिसतं. पात्र मधोमध असताना डावीकडे आणि उजवीकडे ३२० पिक्सेल दिसतात, वर-खाली मात्र फक्त १८०. वरून दिसणारा वेगवान गेम आडव्या स्क्रीनवर आणला की ही अडचण येतेच. १९८२ च्या रोबोट्रॉन २०८४ या आर्केड गेमला ती आली नाही, कारण तिथे अख्खं रणांगण एकाच स्क्रीनमध्ये मावत होतं. कॅमेरा पात्राबरोबर फिरायला लागला की मामला बदलतो. शत्रूची नजर गोल धरली, समजा ३०० पिक्सेलची, तर तुमच्या वरच्या बाजूचा शत्रू स्क्रीनच्या काठापलीकडे १२० पिक्सेलवरून तुम्हाला टिपेल आणि तुम्हाला तो दिसणारसुद्धा नाही.

म्हणून आमच्या शत्रूंची नजर गोल ठेवलेलीच नाही. ती आयताकृती आहे: पात्रापासून आडवी २९० पिक्सेल, उभी १६५. पात्र मधोमध असेल तर तुम्हाला न दिसणारा एकही शत्रू तुमच्यावर गोळी झाडू शकत नाही. चौदाही लेव्हलना हाच नियम आहे. तुम्ही हॉटलाइन मायामी या वरूनच दिसणाऱ्या मारधाडीच्या गेमचं नाव घेऊन आमचा गेम त्यापुढे फिका आहे असं लिहिलंत. तो २०१२ चा गेम आम्हालाही फार मोठा वाटतो. पण त्याच्या २०१५ च्या दुसऱ्या भागात खोल्या मोठ्या झाल्या, नजर लांबवर जाऊ लागली, आणि खेळणाऱ्यांनी नेमकी हीच स्क्रीनबाहेरच्या गोळीची तक्रार केली. ती तक्रार समोर ठेवूनच आम्ही हा आयत आखला. तीच चूक आमच्या नावावर लागली, हे मनाला फार लागलं.

मग तुमच्या क्लिपमध्ये खालून गोळी आली कशी? कंट्रोलरच्या डाव्या ट्रिगरमुळे, म्हणजे बोटाने ओढायच्या बटणामुळे. तो दाबला की कॅमेरा निशाण्याच्या दिशेने ९० पिक्सेल सरकतो. तुम्ही वर निशाणा धरला होता, म्हणजे वरचे १८० पिक्सेल २७० झाले आणि खालचे ९० उरले. स्क्रीन तेवढीच असते, पुढे जास्त दिसायला लागलं की पाठीमागचं तेवढंच झाकलं जातं. क्लिपमध्ये सहाव्या सेकंदाला कॅमेरा सरकतो आणि ३५ व्या सेकंदाला तुम्ही मरेपर्यंत परत येत नाही. म्हणजे ट्रिगर २९ सेकंद दाबलेला होता, आणि तोही पळताना. दारातून आलेला गार्ड तुमच्या खाली १५० पिक्सेलवर उभा होता. ट्रिगर सोडलेला असता तर तो काठाच्या ३० पिक्सेल आत, स्क्रीनवरच दिसला असता. दुसऱ्या लेव्हलच्या सुरुवातीला यासाठीच सूचना येते: थांबा, बघा, ट्रिगर सोडा, मग पळा. हे बटण कोपऱ्यावर उभं राहून पुढे डोकावण्यासाठी आहे, धावताना धरून ठेवण्यासाठी नाही.

तुम्ही म्हणाल, मग शत्रूची नजर स्क्रीनच्या काठावरूनच मोजा ना. तसं करून पाहिलं होतं. पण मग खेळणारा वर निशाणा धरून ट्रिगर दाबतो आणि खाली ९० पिक्सेलपलीकडचे सगळे गार्ड तत्क्षणी आंधळे होतात. त्यांच्याकडे पाठ करून उलट्या पावलांनी अख्खी लेव्हल पार करता येते. कॅमेरा फिरवून शत्रूचे डोळे बांधता आले तर गेममध्ये उरलं काय? म्हणून आयत पात्राभोवती आहे आणि तिथेच राहील.

वेळेचाही हिशेब देतो, कारण ‘रिअॅक्ट करायला संधीच मिळत नाही’ असंही तुम्ही लिहिलं आहे. गार्डला तुम्ही दिसल्यापासून पहिली गोळी सुटेपर्यंत १८ फ्रेम जातात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर हे झाले ३०० मिलिसेकंद. गोळी एका फ्रेममध्ये १५ पिक्सेल जाते, म्हणजे १५० पिक्सेलवरून पोहोचायला आणखी १० फ्रेम. एकूण २८ फ्रेम, साधारण ४६७ मिलिसेकंद. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. शिवाय त्या १८ पैकी पहिल्याच फ्रेमला बंदुकीचा खटका वाजतो. तुमच्या क्लिपमध्येही तो वाजतो, संगीत कमी करून ऐका.

इथे एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. स्टिरिओ आवाजात डावं-उजवं कळतं, वर-खाली कळत नाही. नेमका खाली उभा असलेल्या गार्डचा खटका दोन्ही कानांत सारखाच येतो, म्हणजे धोका आहे हे समजतं, कुठे आहे ते नाही. ही उणीव खरी आहे आणि तिच्यावर काम चालू आहे.

नववी लेव्हल ‘पार होण्यासारखीच नाही’ असं तुम्हाला वाटलं. तिथे काचेतून गोळीही जाते आणि नजरही, त्यामुळे काचेमागे लपणं म्हणजे उघड्यावर उभं राहणं. सुरुवातीला गोळी झाडू नका. सायलेन्सर नसलेल्या बंदुकीचा आवाज ४०० पिक्सेलपर्यंत जातो आणि भिंतीने अडत नाही, त्यामुळे पाचही गार्ड एकदम धावून येतात. पहिलं दार लाथेने उघडा. दारामागचा गार्ड दोन सेकंद खाली पडतो, तेवढ्यात त्याचा सुरा उचला आणि त्याला तिथेच संपवा. मग डावीकडच्या विटांच्या भिंतीआड या आणि तिथून एकच गोळी झाडा. आता बाकीचे चार जण लांब कॉरिडॉरमधून एकामागून एक येतील, आणि तेही आडव्या दिशेने, जिथे तुम्हाला ३२० पिक्सेल दिसतात. तुमच्या क्लिपमध्ये तुम्ही उभ्या कॉरिडॉरमध्ये थांबला आहात, जिथे दिसणं सगळ्यांत कमी. या गेममध्ये लढाई जमेल तेवढी आडवी ओढायची, बाकी चपळाई नंतर.

कंट्रोल उशिरा चालतात, या तक्रारीचं कारण तुमच्या क्लिपमध्येच सापडलं. सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो कोपऱ्यातला आकडा ३८ ते ४४ च्या मध्ये फिरतो आहे आणि जुन्या टीव्हीसारख्या रेघांचा फिल्टर चालू आहे. मोठ्या रिझोल्यूशनवर तो फिल्टर ग्राफिक्स कार्डाचा बराच वेळ खातो. ४० फ्रेमवर एकेक चित्र २५ मिलिसेकंद टिकतं, ६० वर सुमारे १७. आधी तो फिल्टर बंद करा. मग व्ही-सिंक (गेमची चित्रं टीव्हीच्या गतीशी जुळवणारी सेटिंग) बंद करा, चित्र मध्येच थोडं फाटल्यासारखं दिसेल, पण हात आणि पात्र यांतलं अंतर कमी होईल. टीव्हीवर खेळत असल्याचं तुम्ही लिहिलं आहे, तेव्हा टीव्हीचा गेम मोडही चालू करा. तो बंद असला तर टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतो आणि तेवढा उशीर आमच्या खात्यावर जमा होतो. स्टिकचा डेड झोन (स्टिक जेवढी हलेपर्यंत गेम दुर्लक्ष करतो ते माप) ०.२५ ला ठेवलेला आहे, स्टिक नवी असेल तर ०.१५ करून पाहा. हात न लावता पात्र सरकायला लागलं तर पुन्हा वाढवा.

तीन तासांत संपणाऱ्या गेमला ही किंमत जास्त वाटली, यावर वाद घालत नाही. ते तुमचे पैसे आहेत. रिफंड आम्ही नाकारलेला नाही, एवढं मात्र नोंदवतो. स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असताना रिफंड मागता येतो, आणि तो निर्णय स्टोअर घेतं. तुमच्या रिव्ह्यूवर ३.१ तास दिसतात.

पुढच्या अपडेटमध्ये कंट्रोलरची दुरुस्ती येईल. त्यानंतरच्या काही अपडेटमध्ये ट्रिगर दाबलेला असताना मागच्या काठावर काहीतरी इशारा दिसेल, फिल्टर सुरुवातीपासूनच बंद राहील, आणि दुसऱ्या लेव्हलमधली ती सूचना जास्त वेळ थांबेल. इशारा नेमका कसा असावा यावर अजून विचार चालू आहे, त्यामुळे तारीख देत नाही.

तुमची क्लिप आम्ही चाचणीसाठी ठेवून घेतली आहे. जमलं तर त्याच खोलीत ट्रिगर सोडून एकदा परत जाऊन या. गेम आवडला नाही हे मत तसंच राहू द्या, कठीण आहे, महाग आहे, छोटा आहे, जे वाटतं ते लिहा. पण पहिल्या ओळीतला ‘चीटिंग’ हा एक शब्द काढता आला तर बघा.