टकटक वाजलं म्हणजे सेल्फ गेला, असं नाही

पावसाळा लागला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेल्फबद्दल, म्हणजे इंजिन फिरवून गाडी सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरबद्दल, एक मेसेज हमखास फिरतो: ‘किल्ली फिरवल्यावर टकटक आवाज आला की सेल्फ गेला, सरळ नवा घाला. तोवर हातोडीने ठोका. गाडी लागेपर्यंत किल्ली सोडू नका. दर सर्व्हिसिंगला सेल्फमध्ये ग्रीस भरा.’ यातला पहिला सल्ला खिसा रिकामा करतो आणि तिसरा इंजिनाच्या मुळावर येऊ शकतो, म्हणून हे लिहितोय.

आधी ती टकटक. किल्ली फिरवली की सोलेनॉइडचा (सेल्फवरच्या विजेच्या चुंबकाचा) दांडा खेचला जातो. तो पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या) दात्यांत ढकलतो आणि त्याच हालचालीत मोटरचे जाड तांब्याचे कॉन्टॅक्ट जोडतो. मोटर शंभर-दीडशे अँपिअर ओढायला लागते. बॅटरी उतरलेली किंवा तिची जोडणी खराब असेल तर व्होल्टेज एवढं पडतं की दांडा धरून ठेवायला जोरच उरत नाही. दांडा सुटला की भार जातो, व्होल्टेज वर येतं, दांडा परत खेचला जातो. हीच ती टकटक. बिचारा सेल्फ उपाशी आहे, मेलेला नाही.

गेल्या जुलैत शेजारच्या काकूंना एका गॅरेजने नवा सेल्फ सांगितला होता. मी मीटर घेऊन खाली गेलो. बॅटरी १२.५ व्होल्ट, म्हणजे ठीक. मग एक टोक बॅटरीच्या खुंटीवर, दुसरं तिच्यावरच्या क्लॅम्पवर ठेवलं आणि काकूंना किल्ली फिरवायला सांगितली. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, पण आकडा दोनच्या वर उड्या मारत होता. क्लॅम्प काढला तर आत पांढरट-हिरवा थर. गरम पाणी, खायचा सोडा, पॉलिश पेपर, पान्याने घट्ट आवळणं, एवढ्यावर गाडी पहिल्या फटक्यात लागली.

एकदाच ‘टक्’ होऊन सगळं शांत झालं आणि हेडलाइटही मंद झाले नाहीत, तर मात्र संशय सेल्फवर घ्या. तेव्हाही बहुतेकदा जळलेले कॉन्टॅक्ट नाहीतर झिजलेले कार्बन (मोटरला वीज पोचवणारे ब्रश) निघतात. नाना पेठेत सुटे भाग मिळतात, चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते बदलून देतो.

हातोडीने अडकलेला कार्बन कधीकधी सुटतो, हे खरं. पण आजच्या बऱ्याच सेल्फमध्ये फेराइटचे चुंबक असतात, ते ठोक्याने तडकतात.

ग्रीसचं म्हणाल, तर सेल्फ खोलल्यावर बुशला आणि शाफ्टला बोटभर लागतं, तेवढंच. कम्युटेटरवर (कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या भागावर) गेलं तर कार्बनची भुकटी चिकटून बसते. आपण जपायचे ते टर्मिनल आणि इंजिनाची अर्थची वायर.

राहिली किल्ली न सोडण्याची गोष्ट. दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा, नाहीतर वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापून जळतं. सेल्फ जोमात फिरतोय आणि गाडी लागत नाही, तर दोष पेट्रोलच्या नाहीतर स्पार्कच्या बाजूला आहे. आणि गाडी पाण्यात बंद पडली असेल तर किल्लीला हातच लावू नका. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं, तशा पाण्यात उभी असलेली गाडीही यातच आली. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करून न्या, मेकॅनिकला आधी प्लग काढून पाणी बाहेर काढू द्या, सेल्फ त्यानंतर.