टोपी, ट्रक, बिअर? ऐकलंय तरी का कधी?

आज ऑफिसात जेवताना एकजण म्हणाला, अमेरिकेतलं ते गावाकडचं कंट्री म्युझिक म्हणजे काय, टोपी, ट्रक, बिअर, संपला विषय. सगळे हसले. मी डबा बंद करून उठले. तिथे बोलले नाही म्हणून आता लिहितेय.

मीपण तेच समजायचे, दोन वर्षांपूर्वीपर्यंत. पुणे-नागपूर रात्रीची स्लीपर, झोप येईना, फोनवर एकामागून एक गाणी आपोआप लागत होती, त्यात लूव्हिन ब्रदर्स या कंट्री गाणाऱ्या जोडीचं ‘नॉक्सव्हिल गर्ल’ लागलं, १९५६ च्या अल्बममधलं. दोघा भावांचे एकात एक मिसळलेले आवाज, संथ चाल, मला वाटलं प्रेमाचं गाणं. मग शब्द कळायला लागले. तो तिला फिरायला नेतो, काठी उचलतो, ती गुडघ्यावर येऊन दया मागते तरी मारतच राहतो, केसांना धरून फरफटवतो, नदीत टाकतो. का? गाणं सांगतच नाही. घरी आई विचारते कपड्यांना रक्त कसलं, तर म्हणतो नाकातून आलं. आणि सूर शेवटपर्यंत तसाच गोड!! अंगावर काटा आला, बर्थचा पडदा सरकवून नुसती बाहेरच्या अंधारात बघत राहिले.

हे काही उगाच एखादं विचित्र गाणं नाहीये. मूळ इंग्लंडमधलं, शेकडो वर्षं जुनं, माणसांबरोबर समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियाच्या डोंगरात आलेलं. कंट्रीचं मूळच इतकं काळं आहे. कंट्री गायिका लोरेटा लिन, सहा मुलांची आई, १९७५ मध्ये गर्भनिरोधक गोळीवर गायली तर कितीतरी रेडिओ स्टेशनांनी गाणं लावायलाच नकार दिला. १९७३ मध्ये सिअ‍ॅटलच्या लॅव्हेंडर कंट्री नावाच्या बँडने उघडउघड समलिंगी प्रेमाचा आख्खा अल्बम काढला, १९७३! कुठे आहे यात ट्रक?

बरं, आजच्या रेडिओवर ट्रक-बिअर भरपूर आहे, मान्य. आणि ‘नॉक्सव्हिल गर्ल’मधल्या त्या मुलीला साधं नावसुद्धा नाही, हे मलाही टोचतं.

पण कंट्री गायक हँक विल्यम्स २९ वर्षांचा, १९५३ च्या पहिल्याच दिवशी, कार्यक्रमाला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर मरण पावला. त्याचा तो एकटा आवाज ऐकून कुणाला हसू कसं येतं रे?

राग गेलाय आता. उद्या त्याला लिंक वगैरे पाठवणार नाही. माझे हेडफोन देणार, तेच गाणं लावणार आणि आई रक्ताबद्दल विचारेपर्यंत समोर बसून राहणार.